बोटं चित्रकाराची, चित्र कुणाचं?

चित्रकथेचं एक पान वाचायला आपल्याला मिनिटभरही लागत नाही. ते काढणाऱ्याचा मात्र अख्खा दिवस त्यात जातो. लढाई असेल, हत्ती-घोडे असतील, तर दोन दिवस. आधी पेन्सिलीनं हलक्या हातानं चौकटी आखायच्या. कोण कुठं उभा राहील, संवादाचा फुगा कुठं बसेल, वाचणाऱ्याची नजर कुठून कुठं जाईल हे ठरवायचं. मग चेहरे, हात, कपड्यांच्या चुण्या. त्यावर ब्रशनं किंवा निबनं काळी शाई. शाई वाळली की खोडरबरानं पेन्सिल पुसायची आणि चुकलेल्या रेघेवर पांढरा रंग लावून ती झाकायची. कागद छापायच्या मापापेक्षा मोठा घ्यायचा, कारण मोठं काढून लहान छापलं की रेघ नेटकी दिसते.

हा मोठा कागद म्हणजे मूळ चित्र. वाचकाच्या हाती येते ती त्याची छापील प्रत. मूळ कागदावर पांढऱ्या रंगाचे ठिपके असतात, न पुसलेली पेन्सिल असते, समासात संपादकानं लिहिलेली सूचना असते, कधी चहाच्या कपाचं गोल वर्तुळही असतं. चित्रकाराचा हात कुठं थबकला, कुठं सुसाट गेला ते त्यावर दिसतं. छपाईत हे सारं पुसलं जातं.

छपाई उरकली की या कागदाचं काय होतं? तो कुणाच्या कपाटात जातो? पुढे कुणी विकला तर पैसे कुणाला मिळतात? आणि ज्या हातानं तो काढला तो हात थकला, कापू लागला, तर त्या माणसाच्या घरी काय उरतं? गोष्टींची चित्रं काढून जगणाऱ्या प्रत्येकाला हे प्रश्न कधी ना कधी गाठतातच. त्यांची उत्तरं शोधायला मला छत्रपती संभाजीनगरहून फार लांब जावं लागत नाही. शंभरेक किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. या प्रश्नांची सगळ्यांत बोलकी आणि सगळ्यांत दुःखाची हकिकत तिथंच घडली.

अजिंठ्याच्या भिंतींना चित्रकथा म्हटलेलं काहींना खटकेल. पण सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकासमोर उभं राहून पाहा. दान देता देता राज्य, रथ, मुलं, सगळं देऊन बसलेल्या राजपुत्राची ती गोष्ट भिंतभर पसरली आहे. तोच राजपुत्र भिंतीवर पुन:पुन्हा दिसतो. एका ठिकाणी तो बायकोला बातमी सांगतो आहे, पुढे रथातून निघाला आहे, त्याहून पुढे रानात आहे. एकच माणूस अनेकदा काढून काळ पुढे सरकवायचा, ही चित्रकथेची मूळ युक्ती. आजच्या पुस्तकात दोन प्रसंगांच्या मध्ये चौकटीची रेघ येते. अजिंठ्यात ते काम महालाचा खांब करतो, दरवाजा करतो, झाड करतं, ठोकळ्यांसारखे खडक करतात. प्रसंग नेहमी काळाच्या क्रमानं येतात असंही नाही. जर्मन अभ्यासक डिटर श्लिंगलॉफ यांनी या भिंतींवरच्या कथा एकेक करून ओळखल्या, तेव्हा दिसलं की चित्रकारांनी पुष्कळदा स्थळ धरून मांडणी केली आहे. महालातले प्रसंग, मग ते सुरुवातीचे असोत की शेवटचे, महालापाशी, रानातले रानापाशी. गोष्ट आधीपासून ठाऊक असलेल्या भाविकाला त्यातून वाट काढणं अवघड नव्हतं.

सर्वांत जुनी चित्रं इसवी सनापूर्वीची, दहाव्या लेण्यातली. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतली पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि गवताचे तंतू; वर चुन्याचा पातळ हात; आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग आसपास मिळणारे. गडद निळा मात्र अफगाणिस्तानच्या खाणीतल्या लाजवर्दाचा. दान देणाऱ्यांची नावं शिलालेखांत कोरलेली आहेत. चित्रं काढणाऱ्यांची नाहीत.

पुढे ही लेणी विस्मृतीत गेली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानं तिथं पोचला आणि युरोपला त्यांचा पत्ता लागला. जेम्स फर्ग्युसनांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे १८४३ मध्ये निबंध वाचला, आणि चित्रं झपाट्यानं नष्ट होत आहेत, वेळेवर त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीनं तो मानला आणि १८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या एका चित्रकार अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्याचं नाव रॉबर्ट गिल.

गिल तेव्हा चाळिशीचा होता. अजिंठा गावातल्या बारादरीत त्यानं बिऱ्हाड केलं आणि लेण्यांतली चित्रं मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत, जवळजवळ मूळ मापात उतरवायला घेतली. तो १८६३ पर्यंत हेच करत होता. वीस वर्षांच्या आसपास! आपण आज बसनं जातो, तिकीट काढतो, मंद दिव्यांच्या उजेडात तासाभरात चार लेणी पाहून बाहेर येतो. गिलला दिवसाचा प्रकाश दारातून जेवढा आत येईल तेवढाच मिळायचा. खोल गाभाऱ्याकडच्या भिंतींसाठी दिवे. छतावरचं चित्र उतरवायचं तर मान वर करून पाहायचं, खाली वळून रंगवायचं, पुन्हा वर पाहायचं. वटवाघळांची घाण, आग्या मोहोळं, पावसाळ्यातली ओल. कॅनव्हास, रंग, कुंचले दूरदेशीहून यायचे आणि उशिरा यायचे. तापांची तर त्या खोऱ्यात दहशतच होती. हिवताप डासांमुळे होतो हे सिद्ध करणारा रोनाल्ड रॉसचा शोध १८९७ मध्ये लागला, तोही अजिंठ्यासारख्याच निजामी मुलखातल्या सिकंदराबादेत. तोवर गिलला जाऊन अठरा वर्षं झाली होती. आजारपणं अंगावर काढत, एकेक भिंत उरकत तो राहिला.

त्याच्या खासगी आयुष्याची एक खूण अजिंठा गावात आहे. पारो नावाच्या स्त्रीची कबर. तिच्या दगडावर २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आहे आणि ती आपल्याला प्रिय होती असं गिलनं कोरून घेतलं आहे. कागदोपत्री पारोबद्दल फार थोडं सापडतं. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, त्यावरून नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ मध्ये चित्रपट केला, आणि मराठी माणसाच्या मनात गिल म्हटलं की पारो हे समीकरण बसलं. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रेमकथेच्या उजेडात गिलचं रोजचं काम, त्याची वीस वर्षांची मजुरी, आपल्या नजरेआड गेली. या लेखात मला त्या मजुरीकडे पाहायचं आहे.

सुमारे तीस मोठी चित्रं तयार झाली आणि लंडनला रवाना झाली. ती कंपनीच्या मालकीची. गिल पगारी माणूस, त्यामुळे त्यावर त्याचा हक्क सांगायला जागाच नव्हती. ती चित्रं लंडनजवळ सिडनमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, लोकांनी पाहिली, वाखाणली. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या पॅलेसला आग लागली. गिलची चित्रं जळाली. प्रदर्शनात नसलेली चार-पाच तेवढी उरली. एका माणसाची वीस वर्षं एका दिवसात राख झाली आणि तो माणूस सात हजारांवर किलोमीटर दूर, इथं आपल्या डोंगरात होता.

गिलनं पुढे जे केलं ते मला फार मोठं वाटतं. त्यानं रंग आणि कॅमेऱ्याचं सामान पुन्हा मागवलं. मधल्या काळात तो फोटोग्राफी शिकला होता. त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं फर्ग्युसनांच्या मजकुरासह १८६४ मध्येच निघाली होती. साठी ओलांडलेल्या वयात त्यानं पुन्हा काम सुरू केलं आणि अंगात त्राण होतं तोवर चालू ठेवलं. शेवटी आजारी पडला आणि १८७९ च्या एप्रिलमध्ये भुसावळच्या वाटेवर वारला. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे.

यात एक गोष्ट विसरता कामा नये. गिलची मूळ चित्रं जळाली, तरी त्यांतली काही आपण आज बऱ्यापैकी पाहू शकतो. मिसेस स्पायर यांच्या प्राचीन भारतावरच्या १८५६ च्या पुस्तकात त्या चित्रांवरून कोरलेले ठसे छापले होते. मूळ कागद एकच असतो, प्रती गावोगाव विखुरलेल्या असतात. म्हणून आगीतून प्रत वाचते. छपाईचं हे ऋण मूळ चित्रावर जीव टाकणाऱ्यांनीही मान्य केलं पाहिजे.

गिलची चित्रं गेली, पण इंग्रज सरकारनं नकलांचा नाद सोडला नाही. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन हिवाळ्यात अजिंठ्याला येत राहिले. त्या तुकड्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार होते, आणि नावं फारशी न उरलेले मराठी विद्यार्थीही होते. त्यांनी मिळून तीनशेच्या आसपास चित्रं केली. ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेली. १२ जून १८८५ रोजी त्या संग्रहालयाच्या एका भागाला आग लागली. शंभरावर चित्रं जळाली, अनेक होरपळली. ग्रिफिथ्सनी उरलेल्यांवरून दोन मोठे ग्रंथ १८९६-९७ मध्ये काढले. तेच पुढे जगभरच्या कलावंतांच्या टेबलावर पोचले.

तिसरी आग जपानमधली. अराई काम्पो या जपानी चित्रकारानं आणि त्याच्या सोबत्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अजिंठ्यात बसून नकला केल्या आणि टोकियोला नेल्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर टोकियो पेटलं आणि त्या नकला गेल्या. तीन वेगवेगळ्या हातांनी तीनदा केलेलं काम तीनदा आगीत जावं, हा योगायोगच. पण चित्रं एकाच ठिकाणी, एकाच मालकाच्या ताब्यात, करणाऱ्याच्या नजरेपलीकडे ठेवली की असा योगायोग घडायला जागा राहते.

नकलाकारांच्या हातून लेण्यांचं नुकसानही झालं, तेही सांगायला हवं. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं आणि त्याच्या आकसण्यानं रंगाचे पोपडे सुटू लागले. निजाम सरकारनं १९२० ते १९२२ या काळात सेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं तेव्हा त्यांना बराच वेळ हे व्हार्निश काढण्यातच घालवावा लागला.

मधल्या काळात आणखी एक बाई इथं येऊन गेली, जिची आठवण आपण फारशी काढत नाही. लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम. जुन्या इटालियन चित्रपद्धतीच्या त्या जाणकार. १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे त्यांनी फर्दापूरच्या छावणीत तंबू ठोकून काढले. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, व्यंकटप्पा हे तरुण आले आणि हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी. सय्यद अहमद पुढे याच लेण्यांचे अभिरक्षक झाले. हेरिंगहॅमबाई १९११ मध्ये इंग्लंडला परतल्या आणि त्यांचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं. कुणीतरी आपल्या मागावर आहे असा भ्रम त्यांना होऊ लागला. उरलेलं आयुष्य, १९२९ पर्यंत, त्यांनी मनोरुग्णांच्या शुश्रूषालयांत काढलं. त्यांच्या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये निघाला तेव्हा त्या आजारीच होत्या. अजिंठ्याच्या कष्टांमुळे असं झालं, असं म्हणायला आधार नाही. पण त्या दोन हिवाळ्यांनंतर त्यांच्या हातून मोठं काम झालं नाही, एवढं खरं.

नंदलाल बोसांचं मात्र आयुष्य इथून उजळलं. पुढे संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट त्यांनी आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या शिष्यांनी केली. ती मूळ प्रत आज संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत जपून ठेवली आहे. मूळ कागद जपायचा ठरवलं तर जपता येतो, हे सांगायला याहून चांगला दाखला नको.

आता आपल्या काळातल्या चित्रकथाकाराकडे येऊ. तो लेण्यात बसत नाही, घरातल्या टेबलाशी बसतो. पण शरीराकडून वसुली तशीच होते. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वळवणारे नऊ स्नायुबंध आणि एक महत्त्वाची नस जाते. ब्रश घट्ट धरून, मनगट वाकवून तासन्‌तास रेघा ओढल्या की स्नायुबंधांची आवरणं सुजतात, बोगद्यातली जागा कमी होते आणि नस दाबली जाते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. माणूस हात झटकत जागा होतो. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर धोका वाढतो. दुखणं लवकर ओळखलं तर मनगटाला आधाराची पट्टी, विश्रांती, बसण्याची पद्धत बदलणं यांवर निभावतं. उशीर झाला तर छोटी शस्त्रक्रिया. नस फार काळ दाबलेली राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होतो, आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. रेघेवर पोट असलेल्या माणसानं रात्रीच्या मुंग्यांकडे काणाडोळा करू नये, हे मला इथं कळकळीनं सांगावंसं वाटतं.

चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ ही चित्रमालिका १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षं, सगळी स्वतःच्या हातानं काढली. १९८१ च्या हृदय-शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या हाताला कंप सुटला. रेघ थरथरू लागली. त्यांनी मदतनीस घेतला नाही. थरथरतीच रेघ छापू दिली. तुम्ही उत्तरकाळातली ती चित्रं पाहिलीत तर मालिकेतल्या कुत्र्याच्या पाठीच्या रेघेत तो कंप दिसतो, आणि चित्राला त्यानं एक हळवी गोलाई आली आहे असं मला वाटतं. १९९९ च्या अखेरीस कर्करोगामुळे त्यांनी थांबायचं जाहीर केलं. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री ते गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांची शेवटची चित्रपट्टी छापून आली. आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांना २००३ मध्ये पक्षाघात झाला आणि डावी बाजू लुळी पडली. उजवा हात वाचला होता. सावरल्यावर ते पुन्हा ब्रश घेऊन बसले.

शुल्झ आणि लक्ष्मण यांच्यामागे मोठं नाव होतं. बहुतेक चित्रकथाकारांच्या मागे काहीच नसतं. पानावर मजुरी, पान नाही तर पैसा नाही. आजारपणाची रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. अमेरिकेत तर या धंद्यात इतके गाजलेले चित्रकार म्हातारपणी दवाखान्याच्या बिलांखाली दबले की २००० साली त्यांच्या मदतीसाठी, आज ‘हिरो इनिशिएटिव्ह’ नावानं ओळखली जाणारी संस्था काढावी लागली. अशा वेळी चित्रकाराच्या घरात एकच ठेव असू शकते, ती म्हणजे त्याच्या जुन्या पानांचे मूळ कागद. अर्थात ते त्याच्याकडे असतील तर!

जॅक कर्बी या अमेरिकन चित्रकाराच्या हातून मार्व्हल कंपनीचे कितीतरी नायक उभे राहिले. त्यानं त्या कंपनीसाठी काढलेली पानं दहा हजारांच्या घरातली. कागद कंपनीच्या गोदामात. काही चोरीला गेले, काही बाजारात विकले गेले. ते परत मागताना त्याला बरीच वर्षं झगडावं लागलं आणि १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं त्याच्या हाती आली. आज याच धंद्यातल्या मूळ पानांना काय मोल येतं पाहा. हर्जे यांनी ‘टिनटिन’च्या ‘ब्लू लोटस’साठी केलेलं एक मुखपृष्ठचित्र, जे छपाईला महाग पडेल म्हणून बाजूला ठेवलं गेलं होतं, ते २०२१ च्या जानेवारीत पॅरिसच्या लिलावात ३० लाख युरोंहून अधिक किमतीला गेलं. ‘स्पायडरमॅन’च्या काळ्या पोशाखाचं माइक झेक यांनी काढलेलं एक पान २०२२ मध्ये ३३ लाख डॉलरांवर विकलं गेलं. पान काढलं तेव्हा मिळालेली मजुरी त्यापुढे शून्यवत.

मराठीत हा बाजार अजून उभा राहिलेला नाही. ‘अमर चित्र कथा’ १९६७ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी ‘कृष्ण’ रेखाटणारे, पुढे ‘टिंकल’च्या सुपंडीला चेहरा देणारे राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांच्या रेघेवर देशातल्या दोन पिढ्या वाढल्या. तरी त्यांचं एखादं मूळ पान भिंतीवर लावलेलं घर मी पाहिलेलं नाही. याला आपल्याकडे एक सुंदर अपवाद आहे, शि. द. फडणीस यांचा. १९२५ साली भोज या गावी जन्मलेल्या फडणीसांनी ‘मोहिनी’सारख्या मासिकांची मुखपृष्ठं केली. तरुणाच्या शर्टावर उंदीर आणि तरुणीच्या साडीवर मांजरं, हे त्यांचं चित्र कोण विसरेल? त्यांनी मुखपृष्ठ छापायला दिलं, पण मूळ चित्राला छापून झालेला निरुपयोगी कागद मानलं नाही. ‘हसरी गॅलरी’ या नावानं ती मूळ चित्रं त्यांनी गावोगाव प्रदर्शनांत मांडली. मासिक महिन्याभरात रद्दीत गेलं, चित्र राहिलं.

आता कायदा. तो चित्रकारांनीच वाचलेला नसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. चित्राच्या दोन मालक्या असतात. एक कागदाची आणि दुसरी चित्र छापण्याच्या हक्काची. मूळ चित्र विकत घेतलं म्हणून घेणाऱ्याला ते पुस्तकात, टी-शर्टावर छापता येत नाही. तसंच, प्रकाशकाला छापायचा हक्क दिला म्हणून कागद त्याचा होत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, उलट करार नसेल तर, मालकाकडे जातो. गिलसारखाच. नियतकालिकाच्या नोकरीतल्या चित्राचा मात्र छपाईपुरताच हक्क मालकाकडे जातो, बाकीचा चित्रकाराकडे राहतो. कुणी पैसे देऊन मुद्दाम रंगवून घेतलेलं चित्र असेल तर उलट करार नसल्यास पहिला हक्क त्या माणसाचा. म्हणून काम घेतानाच दोन ओळी कागदावर हव्यात: हक्क कशासाठी, किती काळ, आणि मूळ चित्र परत मिळेल की नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच दिला असं कायदा धरतो, हेही लक्षात ठेवावं.

आणि याच कायद्यात ५३-अ हे एक कलम आहे, जे फारसं कुणाला ठाऊक नाही. चित्र, रेखाटन, शिल्प किंवा मूळ हस्तलिखित पुढे पुन्हा विकलं गेलं आणि ती किंमत दहा हजार रुपयांच्या वर असली, तर मूळ चित्रकाराला, तो नसेल तर त्याच्या वारसांना, त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के. चित्रकारानं छपाईचे हक्क देऊन टाकलेले असले तरी हा वाटा बुडत नाही. अट एवढीच की तो त्या चित्राच्या हक्काचा पहिला मालक असायला हवा, आणि हक्काची मुदत, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं, संपलेली नसावी. वाटा आपोआप घरी चालत येत नाही, तो मागावा लागतो. आणि मागायचा तर हे चित्र माझंच, अमुक साली, अमुक अंकासाठी केलेलं, हे दाखवता यायला हवं. त्यासाठी मागच्या बाजूला सही, तारीख, अंकाचं नाव लिहून ठेवणं, काढल्याबरोबर फोटो घेणं, देताना पोच घेणं एवढं पुरतं. कागद आम्लरहित वेष्टनात, आडवा, अंधारात आणि कोरड्या जागी ठेवावा. चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डाग निघत नाही.

संगणकावर चित्र काढणाऱ्या तरुणांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या कामाला मूळ कागदच नसतो. त्यांच्यापैकी काही जण मुद्दाम पेन्सिल-शाईचं पान हातानं करतात आणि रंग तेवढे पडद्यावर भरतात. मला ती वाट शहाणपणाची वाटते. चाळीस वर्षांनी, हात थकल्यावर, फाइल विकून औषधं येणार नाहीत.

संभाजीनगरात सरकारी कला महाविद्यालय आहे, अजिंठ्याच्या नकला करून पोट भरणारे चित्रकार आहेत, शाळांतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक आहेत, ज्यांनी ऐन उमेदीत दिवाळी अंकांना, बालमासिकांना चित्रं दिली. त्यांच्या घरी माळ्यावर कुठंतरी जुनी ट्रंक असेल. तिच्यातले कागद पिवळे पडलेले असतील, घरच्यांना ते पसारा वाटत असतील. चित्रकार हयात असतील तर त्यांच्याकडून प्रत्येक कागदाच्या पाठीमागे साल आणि अंकाचं नाव लिहून घ्या. आवडलेलं चित्र असेल तर छापील प्रत न मागता मूळ चित्र विकत घ्या, आणि त्याची योग्य किंमत द्या. हे सगळं यंदाच्या दिवाळीची साफसफाई सुरू होण्याआधी करा, कारण रद्दीवाला कागद तोलून नेतो.